दीड सेंटिमीटरचा स्क्रू

मला बोलावणं आलं तेव्हा घरफोडी होऊन चार दिवस झाले होते. पंचनामा उरकला होता, मागच्या दारावर आतून प्लायवूडचा तुकडा खिळ्यांनी ठोकला होता आणि घरातली चारही माणसं पुढच्या खोलीत गाद्या टाकून एकत्र झोपत होती. मी दारं, खिडक्या, कुलुपं यांची कामं करतो. चोरी झालेल्या घरात गेलं की पहिला अर्धा तास मोजपट्टी खिशातच राहते. प्रत्येकाला सगळं पहिल्यापासून सांगायचं असतं. ते ऐकून घ्यावंच लागतं, कारण माझ्या कामाची निम्मी माहिती त्यातच असते.

घर बैठं, कोपऱ्यावरचं. नवरा-बायको दोघं नोकरी करणारे, मुलगी कॉलेजात, आणि नवऱ्याची आई. आजींचे गुडघे दुखतात, रात्री उठताना काठी लागते. त्या काठीचा पुढे संबंध येतो. चोरी झाली त्या दिवशी आजींना घेऊन सूनबाई दवाखान्यात गेल्या होत्या. एरवी आजी दिवसभर घरात असतात. त्या दिवशी साडेअकरा ते तीन घर रिकामं होतं. चोराला तेवढं पुरलं. दागिने, रोकड, मुलीचा लॅपटॉप गेला. कपाट फोडलं नव्हतं, चावीनं उघडलं होतं. चावी खालच्याच खणात होती.

साहेबांनी मला आल्या आल्या पुढच्या दाराशी नेलं. "मिस्त्री, हे काढून पोलादी बसवायचं. आणि कॅमेरे आठ. चारी बाजूंनी दोन-दोन."

पुढचं दार पाहिलं. भरीव लाकूड, दोन इंचाच्या आसपास जाड, मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत खाच पाडून बसवलेलं कुलूप), वर-खाली टॉवर बोल्ट, म्हणजे सरकवून लावायचे दांडे. त्यावर एक ओरखडा नव्हता. चोरानं त्याला हातही लावला नव्हता. मी म्हटलं, "साहेब, आधी तो जिथून आला ते दाखवा."

हे मला जवळजवळ प्रत्येक घरात म्हणावं लागतं. चोरी झाली की माणूस घराची दर्शनी बाजू मजबूत करायला निघतो. भीतीला ती बाजू दिसते, चोराला दुसरी दिसलेली असते.

मागचं दार

स्वयंपाकघरातून धुण्याच्या जागेत उघडणारं हे दार. फ्लश डोअर, आत पोकळ. त्याला साधं नाइट लॅच, म्हणजे स्प्रिंगवर मागंपुढं होणारी तिरकी जीभ. दार ओढून घेतलं की आपोआप बसतं, म्हणून सगळ्यांना आवडतं. वरच्या बाजूला टॉवर बोल्टही होता, चांगला जाड. तो त्या दिवशी लावलेला होता का, असं विचारल्यावर ताई, म्हणजे सूनबाई, आणि साहेब एकमेकांकडे बघायला लागले. मग साहेब म्हणाले, "दिवसा कोण लावतं?"

प्लायवूड काढलं आणि चौकट पाहिली. लॅचची जीभ जिच्यात जाऊन बसते ती चौकटीवरची पत्ती जागेवर नव्हती. तिथं चौकटीचं लाकूड चिरफाळलं होतं, हाताच्या बोटाएवढी एक कपची निघून आली होती. पत्ती ओट्याखाली सापडली. तिचा एक स्क्रू वॉशिंग मशीनच्या पायापाशी पडला होता. उचलून मोजला: दीड सेंटिमीटर. त्याच्या आट्यांमध्ये लाकडाची बारीक भुकटी अजून अडकलेली होती.

तो स्क्रू मी साहेबांच्या तळहातावर ठेवला. लॅच कितीही भारी कंपनीचं असो, खांदा देऊन दार ढकललं की सगळा जोर त्या जिभेवरून पत्तीवर येतो आणि पत्तीवरून या दोन स्क्रूंवर. त्यातले दोन-तीन मिलिमीटर पत्तीच्या जाडीत आणि रंगाच्या थरात जातात. उरलेले बारा मिलिमीटर चौकटीच्या अगदी कडेच्या लाकडाला धरून असतात, तेही खाच पाडल्यामुळे आधीच पातळ झालेल्या. म्हणजे हे घर कुलपावर नव्हे, त्या बारा मिलिमीटर लाकडावर बंद होतं. कुलूप शाबूत होतं. त्याची जीभ अजूनही छान मागंपुढं होत होती.

चौकटीवर लॅचच्या उंचीला एक चपटा ठसा उमटला होता, वीस मिलिमीटर रुंद, कडा एकदम धारदार. कुणीतरी हत्यार घालून फट मोठी केली होती आणि मग ढकललं होतं. मुलगी मागं उभी होती. ती म्हणाली, "बाबा, आपली पटाशी कुठं आहे?" धुण्याच्या जागेत हत्यारांची पेटी होती, उघडीच. हातोडी, पक्कड, करवत होती, पटाशी नव्हती. शोधल्यावर ती कुंपणाच्या झाडोऱ्यात मिळाली. मी कुणाला हात लावू दिला नाही. पोलिसांना फोन केला, त्यांनी ती कागदी पाकिटात घालून नेली. (अशी वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत कधी घालू नये. आत ओल धरते आणि ठसे खराब होतात.) पहिल्या दिवशी हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण सगळे काय गेलं ते शोधत होते. चोर रिकाम्या हातानं आला होता. हत्यार घरानंच दिलं.

चाव्या मोजा

मग मी नेहमीचा प्रश्न विचारला: घरात चाव्या किती, आणि आत्ता किती आहेत?

स्वयंपाकघराच्या भिंतीवर सात हुकांची पाटी होती. प्रत्येक हुकावर मुलीनं लहानपणी रंगीत अक्षरांत चिठ्ठ्या चिकटवलेल्या: पुढचं दार, कपाट, गाडी, गच्ची, माळा. 'पुढचं दार' या हुकावर एकच चावी होती. तिथं दोन असायच्या. दुसरी ताईंच्या पर्समध्ये असेल म्हणून पर्स उलटी केली. आजींच्या उशीखाली पाहिलं. नव्हती.

तो क्षण मला अजून आठवतो. कारण चार रात्री ही माणसं त्याच पुढच्या दाराला पाठ लावून झोपली होती.

चावी त्या दिवशी गेली की आधीच कुठं हरवली होती, हे कळायला मार्ग नाही. पण अशा वेळी वाईटच धरून चालायचं. सुदैवानं लॉक सिलिंडरचं होतं, म्हणजे चावी जिच्यात जाते ती नळी वेगळी काढून बदलता येणारं. दाराच्या कडेचा एक लांब स्क्रू काढायचा, चावी किंचित फिरवायची की सिलिंडर सरकून बाहेर येतो. वीस मिनिटांचं काम. नवा सिलिंडर घेताना मापाकडे मात्र बघावं. सिलिंडर दाराच्या बाहेरच्या अंगाला त्याच्याभोवती असलेल्या पत्तीच्या पुढे तीन मिलिमीटरपेक्षा जास्त आला, तर पान्यात धरून तो मोडता येतो. मधे जिथं तो स्क्रू जातो तिथं त्याची कंबर बारीक असते, बरोबर तिथंच तुटतो. जुना सिलिंडर नऊ मिलिमीटर बाहेर होता. दार दोन इंचाचं आणि कुलपाची ही गत.

घाई करायला आणखी एक कारण होतं. एकदा फोडलेलं घर पुन्हा फोडलं जाण्याचा धोका सुरुवातीच्या काही आठवड्यांत सगळ्यात जास्त असतो. चोराला आतली रचना ठाऊक झालेली असते, काय राहिलं ते त्यानं पाहिलेलं असतं, आणि गेलेल्या वस्तूंच्या जागी नव्या येणार हेही तो जाणतो. 1980च्या दशकात इंग्लंडमधल्या रॉचडेलजवळच्या कर्कहोल्ट वस्तीत याच गोष्टीवर एक प्रकल्प झाला. सगळ्या वस्तीला सारखं संरक्षण देत बसण्याऐवजी ज्यांच्याकडे चोरी झाली त्यांच्याकडेच आधी जायचं, त्यांची दारं सुधारायची आणि आजूबाजूच्या पाच-सहा घरांनी त्या घरावर लक्ष ठेवायचं. तीन वर्षांत तिथल्या घरफोड्या सुमारे 75 टक्क्यांनी कमी झाल्या. मला यातला शेजाऱ्यांचा भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि नेमका तोच भाग लोक टाळतात. चोरी झाली हे सांगायचीही लाज वाटते त्यांना.

आठ कॅमेऱ्यांचं काय झालं

साहेबांशी माझा खरा वाद कॅमेऱ्यांवरून झाला. त्यांचं म्हणणं, कॅमेरा असता तर चोर सापडला असता. माझं म्हणणं, कॅमेरा साक्षीदार आहे, पहारेकरी नाही. आधी दार, मग दिवा, मग आवाज करणारं काहीतरी, आणि त्यानंतर कॅमेरा. हा क्रम उलटा केला की हातात टोपी घातलेल्या माणसाचं स्वच्छ चित्रीकरण येतं आणि दागिने जातात ते जातातच.

दार किती टिकलं पाहिजे, हा प्रश्न त्यांनी विचारला तेव्हा मी युरोपातल्या मानकाचं उदाहरण दिलं. ईएन 1627 मध्ये दारं-खिडक्यांचे वर्ग आहेत. आरसी 2 वर्गाच्या दारानं स्क्रूड्रायव्हर, पक्कड, पाचर अशा साध्या हत्यारांपुढं तीन मिनिटं टिकायचं. आरसी 3 नं पहार धरून पाच मिनिटं. साहेब हसले. "तीनच मिनिटं?" मी त्यांना घड्याळ घेऊन मागच्या दाराबाहेर उभं केलं आणि मोकळ्या चौकटीवर हातोडीनं ठोकत राहिलो. दीड मिनिटाच्या आत शेजारच्या काकू गॅलरीत आल्या. मग ते हसले नाहीत.

कुलपांचा इतिहासही हेच सांगतो. इंग्लिश कुलूपकार जोसेफ ब्रामा यांचं कुलूप लंडनमध्ये कित्येक दशकं आव्हान म्हणून दुकानाच्या काचेमागं मांडलेलं होतं: उघडून दाखवा, 200 गिनी घ्या. 1851 च्या महाप्रदर्शनाच्या वेळी अमेरिकेचे कुलूपकार हॉब्ज यांनी ते उघडलं, पण सोळा दिवसांत मिळून पन्नासहून जास्त तास घेऊन. उघडत नाही असं कुलूप नसतं. साडेअकरा ते तीन या वेळात, शेजार जागा असताना, तेवढा धीर कुणाकडे नसतो एवढंच.

शेवटी आठाचे दोन कॅमेरे झाले, एक फाटकाकडे, एक मागं. ते फार उंच लावले की फक्त डोक्याचा वरचा भाग दिसतो, म्हणून हात पोचणार नाही पण चेहरा येईल एवढ्याच उंचीवर. खिडकीच्या काचेआडून लावायचा नाही. रात्री त्याचा इन्फ्रारेड प्रकाश काचेवरून परतून चित्र पांढरं पडतं. आणि कारखान्यातून आलेला पासवर्ड त्याच दिवशी बदलायचा. 2016 मध्ये 'मिराई' नावाच्या प्रोग्रॅमनं असे मूळ पासवर्ड न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले होते. पासवर्डचं काम मुलीकडे दिलं. तिनं तो आजींनाही सांगितला नाही, यावर आजी दोन दिवस रुसल्या होत्या.

प्रत्यक्ष काम

मागचा पोकळ पल्ला काढून भरीव बसवला. चौकट बदलली नाही, पण तिचे होल्डफास्ट, म्हणजे चौकट भिंतीत धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्ट्या, ढिले झाले होते, ते पुन्हा सिमेंटात घट्ट केले. चिरलेल्या जागी लाकडाचा जोड दिला आणि त्यावर तीन मिलिमीटर जाडीची लांब पत्ती बसवली. तिचे स्क्रू चौकटीतून आरपार भिंतीत जाणारे, दहा सेंटिमीटरचे. बिजागऱ्यांनाही प्रत्येकी एक लांब स्क्रू दिला, नाहीतर कुलपाची बाजू घट्ट आणि बिजागरीची बाजू पोकळ असं होतं. लॅचच्या जागी डेडबोल्ट, पंचवीस मिलिमीटर आत जाणारा. यात स्प्रिंग नसते. किल्लीनं किंवा आतल्या मुठीनं फिरवल्याशिवाय तो हलत नाही, म्हणून पत्ती-कार्ड घालून सरकवता येत नाही. अडचण तीच: आपणहून बसतही नाही. लावावा लागतो.

हत्यारांची पेटी आत आली. शिडी साखळीनं बांधली. कुंपणाचा झाडोरा कमरेएवढा कापला, कारण चोराला लपवणारी हिरवी भिंत मालकाच्याच हौसेची होती. हुकांवरच्या रंगीत चिठ्ठ्या मुलीनं स्वतः सोलून काढल्या.

चूक झाली ती माझी, आजींच्या खोलीत. खिडकी तळाशी, रुंद, गज नव्हते. साहेबांना पक्कं ग्रिल हवं होतं. मी म्हटलं, झोपायच्या खोलीत पक्कं ग्रिल नको; आग लागली तर बाहेर पडायला एक वाट हवी. म्हणून उघडणारं ग्रिल केलं, आतून कडी-कोयंडा, त्याला छोटं कुलूप, किल्ली शेजारच्या खिळ्याला. स्वतःवर खूश होतो. दुसऱ्या दिवशी मुलीनं सुचवलं, आजीला उघडून बघू दे. रात्र झाली होती, दिवे घालवले. आजी उठल्या, काठी शोधली, खिळ्याला हात लागला, किल्ली खाली पडली. काठी टेकवून वाकताना त्यांचा तोल गेला. ताईंनी धरलं म्हणून बरं. दोन मिनिटं होऊन गेली तरी कुलूप तसंच. आजी अंधारातच म्हणाल्या, "अरे बाबा, चोराला बाहेर ठेवलंस ते चांगलं केलंस, पण मला का कोंडतोस?"

कुलूप काढलं. जागी आतल्या बाजूला एकाच ओढीत उघडणारा दांडा बसवला, किल्ली नाही, काठीच्या मुठीनंही ओढता येईल असा. पण मग काच फोडून बाहेरून हात घातला तर? त्यासाठी तावदान बदललं. इथं लोक फसतात: टफन्ड काच मजबूत म्हणून विकली जाते, पण एका टोकदार घावानं तिचे दाणे होऊन ती सगळीच खाली येते आणि वाट मोकळी होते. हवी लॅमिनेटेड. तिच्या दोन थरांमध्ये प्लास्टिकचा पापुद्रा असतो, त्यामुळं तडकली तरी चौकटीत धरून राहते. ईएन 356 या काचेच्या युरोपीय मानकातल्या पी4ए वर्गाच्या चाचणीत चार किलोवर वजनाचा पोलादी गोळा नऊ मीटरवरून तीनदा टाकतात आणि तो आरपार जाता कामा नये.

गजरानंही पहिल्या आठवड्यात छळलं. दारांवर लावलेले चुंबकाचे सेन्सर शहाण्यासारखे वागले: चुंबक दूर गेलं की आतला रीड स्विच, म्हणजे चुंबकानं चालणारा छोटा स्विच, सुटतो, संपलं. पण बोळातला हालचाल टिपणारा सेन्सर दुपारी तीनदा वाजला. तो उष्णतेतला फरक बघतो. मी त्याचं तोंड खिडकीकडे केलं होतं आणि ऊन पडलेला पडदा हलला की त्याला माणूस भासायचा. तिसऱ्या वेळी शेजारच्या काकू बाहेर आल्याच नाहीत. गजराचा हा सगळ्यात मोठा तोटा: दोनदा खोटं बोलला की त्याचं कुणी ऐकत नाही. सेन्सर बोळाच्या टोकाला, आडवा जाणारा माणूस दिसेल असा लावला. सरळ चालून येणाऱ्यापेक्षा आडवा जाणारा त्याला लवकर कळतो. आजी रात्री उठतात म्हणून रात्री तो बंद आणि फक्त दारांचे सेन्सर चालू. मग साहेब स्वतः पाचही शेजाऱ्यांकडे जाऊन सांगून आले, झालेली चोरीसुद्धा. परत आले ते बरेच हलके होऊन. दोघांकडे तसंच लॅच होतं, तीही कामं मला मिळाली.

मुलीच्या खोलीचं एक काम राहिलं होतं. चोरानं तिचे कपड्यांचे खण पलंगावर उलटे केले होते आणि ती त्या खोलीत पुन्हा झोपायला गेली नव्हती. तिनं हळूच विचारलं, माझ्या दाराला आतून बोल्ट लावाल का? सुरक्षेच्या हिशेबानं त्याचा काडीचा उपयोग नाही, आतलं पातळ दार आहे ते. मी तरी लावला. बाहेरून नाण्यानं उघडता येईल असा, ताईंच्या समाधानासाठी. त्या रात्रीपासून ती तिथं झोपते असं नंतर कळलं. हे मी कोणत्या रकान्यात लिहू?

दोन महिन्यांनी बिजागऱ्या तपासायला गेलो. ओलीनं मागचा पल्ला किंचित फुगला होता आणि डेडबोल्ट पंचवीसऐवजी जेमतेम दहा मिलिमीटर आत जात होता. मूठ अर्ध्यावर अडायची, म्हणून दिवसा तो तसाच अर्धवट सोडलेला. विचारल्यावर साहेब गप्प. मी कानस काढली, पत्तीचं भोक दीड मिलिमीटर वाढवलं, पल्ल्याची कड रंध्यानं घेतली. आजी खुर्चीत बसून बघत होत्या. झाल्यावर म्हणाल्या, "थांब." उठल्या, दारापाशी आल्या, मूठ फिरवली. एक आवाज आला. त्यांनी मान हलवली, आणखी फिरवली. दुसरा, जाड आवाज आला.

"हा," त्या म्हणाल्या. "हा आवाज दोन आठवडे येत नव्हता. मी सांगत होते यांना."